ओपन ग्रुपचा आर्किटेक्चर फोरम : तीस वर्षांची वाटचाल

एखाद्या मोठ्या बँकेत ग्राहकाने आपला पत्ता बदलून घेतला, असे समजू. बचत खात्यात नवा पत्ता लागतो, गृहकर्जाच्या नोंदीत जुनाच राहतो आणि क्रेडिट कार्डाचे बिल तिसऱ्याच घरी जाऊन पडते. यात कोणा कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. तिन्ही यंत्रणा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या असतात. आपापल्या जागी त्या चोख चालतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. कोणती माहिती कुठे साठते, कोणते काम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते, ते सॉफ्टवेअर कोणत्या सर्व्हरवर आहे आणि उद्या त्यातले एक बदलायला घेतले तर आणखी काय काय हलेल, या सगळ्याचा एकत्र नकाशा ठेवायचा आणि त्याच्या आधाराने बदलांचा क्रम ठरवायचा, या कामाला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात.

हा नकाशा काढण्याची सर्वांना वापरता येईल अशी पद्धत ओपन ग्रुप या उद्योगसंघाच्या आर्किटेक्चर फोरमने घडवली. तिचे नाव टोगॅफ. १९९५ मध्ये तिची पहिली आवृत्ती तयार झाली, म्हणजे आता तीस वर्षे पूर्ण झाली. या त्रिदशकपूर्तीच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसल्यावर जुन्या आवृत्त्या पुन्हा काढून वाचल्या. वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येत राहिली : फोरमची बहुतेक मोठी मिळकत कोणीतरी आपल्या घरातून आणून दिलेली आहे. कोणी वर्षानुवर्षांचे काम दिले, कोणी नाममुद्रा दिली, कोणी पैसा आणि माणसे लावून घडवलेली चित्रभाषा दिली. दिलेले नीट सांभाळणे, त्यात भर घालणे आणि ते पुन्हा सर्वांसाठी मोकळे करणे, हेच इथले काम राहिले आहे.

पूर्वपीठिका : १९८४ ते १९९४

सुरुवात युरोपात झाली. १९८४ मध्ये बुल, आयसीएल, सीमेन्स, ऑलिवेट्टी आणि निक्सडॉर्फ या पाच संगणक कंपन्या एकत्र आल्या. त्यांच्या आद्याक्षरांवरून या गटाला गमतीने ‘बायसन’ म्हणत. पुढे त्याचे नाव एक्स/ओपन झाले. त्या काळी एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालत नसे. एकदा एका विक्रेत्याकडून यंत्र घेतले की ग्राहक त्याच्याशी बांधला जाई. युनिक्स या प्रणालीचा पाया समान असला, तरी प्रत्येकाने तिच्यात आपापले बदल केले होते. कोणते भाग सर्वांनी सारखेच ठेवायचे, हे या पाच स्पर्धकांनी बसून लिहून काढायला घेतले. त्यातून १९८५ मध्ये ‘पोर्टेबिलिटी गाइड’चा पहिला अंक निघाला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकन आणि जपानी कंपन्याही त्यात सामील झाल्या.

१९८८ मध्ये अपोलो, बुल, डीईसी, एचपी, आयबीएम, निक्सडॉर्फ आणि सीमेन्स यांनी ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्याच वर्षी एटी अँड टी आणि सन यांच्या बाजूने युनिक्स इंटरनॅशनल उभे राहिले. युनिक्सवरून दोन तट पडलेल्या त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे इतकेच नोंदवावेसे वाटते, की १९९३ पर्यंत सर्वांनी एक समान विवरण मान्य करायचे ठरवले. त्यात इंटरफेस किती, हे मोजल्यावर आकडा आला १,१७०, आणि त्या विवरणाचे नावच ‘स्पेक ११७०’ पडले. त्याच सुमारास युनिक्सचे हक्क नॉव्हेलकडे आले होते. नॉव्हेलने युनिक्स ही नाममुद्रा एक्स/ओपनच्या हवाली केली. उद्योगातल्या एका अतिशय मौल्यवान नावाची मालकी अशा रीतीने कोणा एका विक्रेत्याकडे न राहता सर्वांच्या सामायिक संस्थेकडे आली. फोरमच्या इतिहासात वरचेवर येणाऱ्या दानांपैकी हे पहिले.

या सगळ्या काळात आर्किटेक्चरचा विचार वेगळ्या वाटेने पुढे येत होता. १९८७ मध्ये आयबीएमच्या ‘सिस्टिम्स जर्नल’मध्ये जॉन झॅकमन यांचा माहितीप्रणालींच्या रचनेवरचा लेख आला आणि या विषयाला शब्द मिळाले. इमारत बांधताना मालक, वास्तुविशारद आणि गवंडी यांच्या हातात एकाच घराची वेगवेगळी चित्रे असतात, तसेच संगणक व्यवस्थेचेही आहे, हा त्यांचा विचार होता. एक्स/ओपनमधल्या ग्राहक सदस्यांनाही आता यंत्रांच्या समानतेच्या पुढचे काही हवे होते. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. पण त्यांतून संस्थेची एक सलग व्यवस्था उभी कशी करायची? त्यासाठी एक सर्वमान्य आराखडा द्या, ही मागणी १९९४ पर्यंत लेखी स्वरूपात पुढे आली होती. मागणी विकणाऱ्यांकडून न येता वापरणाऱ्यांकडून आली, हे ठळकपणे नोंदवायला हवे. टोगॅफ आजही कोणत्याच कंपनीच्या उत्पादनाशी बांधलेला नाही, त्याचे मूळ इथे आहे.

पहिले दशक : १९९५ ते २००४

कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची तर वर्षे गेली असती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या प्रचंड संगणक व्यवस्थेसाठी ‘टॅफिम’ नावाचा अनेक खंडांचा आराखडा तयार केला होता. त्यामागे बऱ्याच वर्षांचे काम आणि सरकारी तिजोरीतले कोट्यवधी डॉलर होते. संरक्षण खात्याने तो आधार म्हणून वापरायला एक्स/ओपनला स्पष्ट परवानगी दिली, शिवाय प्रोत्साहनही दिले. त्या पायावर १९९५ मध्ये पहिली आवृत्ती उभी राहिली. असे काही करता येते, हे दाखवणे एवढाच तिचा उद्देश होता. पुढे २००० मध्ये खुद्द संरक्षण खात्याने टॅफिम रद्द केला. मूळ घर मोडले; तिथून आणलेली तुळई मात्र नव्या घरात आजही भार पेलते आहे. टोगॅफच्या प्रस्तावनेत या ऋणाचा उल्लेख आवृत्तीमागून आवृत्तीत छापला जात आला आहे. आम्हा वापरणाऱ्यांना त्या ओळींचा फार आदर वाटतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये एक्स/ओपन आणि ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन या दोन संस्था एकत्र आल्या आणि ओपन ग्रुप अस्तित्वात आला. दोन्हीकडच्या कामाच्या पद्धती वेगळ्या होत्या. फाउंडेशनकडे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर घडवणारी माणसे होती, तर एक्स/ओपनकडे मानके लिहिणारी आणि तपासणारी. जुळवून घ्यायला थोडा वेळ गेला, पण दोन्ही घरची मंडळी मिसळली. त्याच वर्षी अमेरिकेत क्लिंगर-कोहेन कायदा झाला आणि प्रत्येक केंद्रीय खात्याच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यावर माहिती तंत्रज्ञानाच्या आर्किटेक्चरची जबाबदारी आली. जो विषय आजवर थोड्या तज्ज्ञांपुरता होता, तो कायद्याच्या भाषेत आला. आपोआप मागणी वाढली.

त्यानंतर सातव्या आवृत्तीपर्यंत दिवाळी अंकाच्या नेमाने जवळजवळ दरवर्षी एक आवृत्ती निघाली. कार्यकर्त्यांची चिकाटी या टप्प्यात दिसते. १९९६ च्या आवृत्तीत पद्धत प्रत्यक्ष कामाला लावून पाहिली. १९९७ मध्ये पुन्हापुन्हा वापरता येतील अशा रचनाखंडांचा विचार आला. १९९८ मध्ये एंटरप्राइझ कंटिन्युअम आला, म्हणजे सर्वसाधारण नमुन्यापासून विशिष्ट संस्थेच्या आराखड्यापर्यंत जाणारी उतरण. १९९९ मध्ये बिझनेस सिनारिओ आले. धंद्याची गरज नेमकी काय आहे, हे ग्राहकाकडून कसे काढून घ्यायचे याची ती रीत आहे, आणि प्रस्तुत लेखकाला टोगॅफमधला हा भाग अजूनही सर्वांत उपयोगी वाटतो. सहाव्या आवृत्तीत रचनेची निरनिराळी दर्शने आली, सातवी डिसेंबर २००१ मध्ये आली.

सातव्या आवृत्तीपर्यंतचा भर तंत्रज्ञानावर, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क आणि त्यांवर चालणाऱ्या सेवांवर होता. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने चौकट रुंद केली. धंदा, माहिती, अॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान असे चार थर एकाच पद्धतीखाली आले आणि तिला ‘एंटरप्राइझ एडिशन’ हे नाव मिळाले. आपला आराखडा संगणक विभागाच्या खोलीतून संचालकांच्या टेबलापर्यंत नेण्याचा हा निर्णय होता. तो घ्यायला धैर्य लागले, कारण तंत्रज्ञानाचे जाणकार फोरममध्ये भरपूर होते, धंद्याच्या बाजूने बोलणारे थोडे. वर्षभराने, डिसेंबर २००३ मध्ये, ८.१ आवृत्तीने गरजांचे व्यवस्थापन आणि देखरेखीची व्यवस्था यांची भर घातली.

या सगळ्याचा गाभा म्हणजे एडीएम (आर्किटेक्चर डेव्हलपमेंट मेथड) ही पद्धत. चित्रात ती वर्तुळांच्या मालिकेसारखी दिसते. सुरुवातीला पूर्वतयारी, मग अ पासून आठ टप्पे. आधी दृष्टिकोन, मग धंदा, माहितीप्रणाली आणि तंत्रज्ञान यांचे आराखडे. त्यानंतर पर्यायांची निवड, स्थलांतराचे वेळापत्रक, अंमलबजावणीवर लक्ष आणि शेवटी झालेल्या बदलांची दखल. मधल्या वर्तुळात गरजांचे व्यवस्थापन असते, कारण गरज कोणत्याही टप्प्यावर बदलू शकते. चक्र पूर्ण झाले की पुन्हा पहिल्या टप्प्याकडे. नवख्याला हे चित्र अवघड वाटते. पण एकदा एखाद्या खऱ्या प्रकल्पावर ते लावून पाहिले, की आपण नेहमी कोणता टप्पा गाळत होतो ते चटकन कळते. आमच्या बाबतीत तो टप्पा स्थलांतराच्या वेळापत्रकाचा निघाला!

दुसरे दशक : २००५ ते २०१४

या दशकातली सर्वांत आनंदाची घटना नेदरलँड्समध्ये घडली, आणि तिची सुरुवात आधीच झाली होती. जुलै २००२ ते डिसेंबर २००४ या काळात तिथल्या टेलेमॅटिका इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने आर्किटेक्चर रेखाटण्याची एक चित्रभाषा तयार झाली. नाव आर्किमेट. मार्क लँकहॉर्स्ट यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पात ऑर्डिना ही कंपनी, नाइमेखनचे राडबाउड विद्यापीठ, लायडनची संगणकशास्त्र संस्था आणि अॅम्स्टरडॅमचे गणित व संगणक केंद्र सहभागी होते. एबीएन अॅम्रो बँक, डच करखाते आणि एबीपी हा पेन्शन फंड यांनी पैसा दिला आणि ही भाषा आपल्याकडे वापरूनही पाहिली. सुमारे ३५ मनुष्यवर्षे आणि ४० लाख युरो खर्ची पडले.

मराठी वाचकाला आर्किमेटची रचना पटकन कळेल, कारण तिचा पाया आपल्या शाळेतल्या व्याकरणासारखा आहे. प्रत्येक थरात तीन प्रकारची चिन्हे : काम करणारा, काम आणि ज्यावर काम होते ते. म्हणजे कर्ता, क्रियापद आणि कर्म. कारकून अर्ज तपासतो. प्रोग्रॅम नोंद साठवतो. सर्व्हर फाइल ठेवतो. वाक्याचा घाट तोच, फक्त थर बदलतो. खालचा थर वरच्या थराला कोणती सेवा देतो, ते बाणांनी दाखवतात. नगरपालिकेपासून विमा कंपनीपर्यंत कोणाचेही चित्र या व्याकरणात बसते.

२००८ मध्ये आर्किमेट फाउंडेशनने या भाषेची मालकी ओपन ग्रुपकडे सोपवली. फेब्रुवारी २००९ मध्ये आर्किमेट १.० हे ओपन ग्रुपचे मानक म्हणून प्रसिद्ध झाले. दत्तक आलेल्या या भाषेला फोरमच्या मंडळींनी घरच्या लेकराप्रमाणे वाढवले. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘का’ हा प्रश्न विचारता येऊ लागला : उद्दिष्टे, गरजा, तत्त्वे यांची चिन्हे आली आणि अंमलबजावणीच्या टप्प्यांचीही.

त्याच फेब्रुवारी २००९ मध्ये टोगॅफची नववी आवृत्ती आली. सात भागांचा हा ग्रंथ. आठव्या आवृत्तीवर ज्यांनी संस्थांचे काम उभे केले होते त्यांचे काही वाया जाऊ नये, हे पथ्य पाळून तो लिहिला गेला. आराखड्यात नेमके काय काय असते आणि त्या गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात, याची सविस्तर मांडणी या आवृत्तीत प्रथम आली. त्यासाठी कॅपजेमिनी आणि सॅप या कंपन्यांनी आपल्याकडची सामग्री फोरमला दिली. सल्लागार कंपनीची पद्धत म्हणजे तिची पोटापाण्याची गोष्ट. ती सर्वांसमोर उघडी करण्यामागचे मोल जाणकारांनाच कळेल. डिसेंबर २०११ च्या ९.१ आवृत्तीत या ग्रंथाची साफसफाई झाली.

मानक लिहिण्याची पद्धतही इथे सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही. मसुदा सदस्यांपुढे ठेवला जातो. ज्याला बदल हवा त्याने नुसते ‘हे पटत नाही’ म्हणून चालत नाही. अडचण कोणती, ती का आहे आणि त्याजागी नेमके कोणते शब्द हवेत, हे तिन्ही लिहून द्यावे लागते. प्रत्येक सूचनेवर निर्णय होतो आणि त्याची नोंद राहते. मत संस्थेचे धरले जाते, माणसाचे नव्हे. लाखभर कर्मचाऱ्यांची कंपनी आणि चार माणसांची सल्लागार पेढी, दोघींना एकेकच मत. एका शब्दावर दोन-दोन बैठका झाल्याचे जुने सदस्य सांगतात. मतभेद झाले, तेही या चौकटीत झाले आणि तिथेच मिटले. काम करणारी माणसे आपापल्या नोकऱ्या सांभाळून वेळ देत; प्रवासाला त्यांच्या कंपन्या हातभार लावत. अॅलन ब्राउन यांच्या ओपन ग्रुपमधल्या अध्यक्षीय कारकिर्दीत या पद्धतीला जे स्थैर्य लाभले, त्याची नोंद इथे कृतज्ञतेने केली पाहिजे. २०१५ मध्ये त्यांच्याकडून स्टीव्ह नन यांनी सूत्रे घेतली.

माणसांच्या पात्रतेची व्यवस्थाही या काळात बसली. टोगॅफच्या ज्ञानाची परीक्षा दोन पातळ्यांवर होऊ लागली. अनुभवी आर्किटेक्टसाठी २००५ पासून वेगळे प्रमाणपत्र आले. त्याला पाठांतर उपयोगाचे नाही. उमेदवार आपले काम लिहून देतो आणि आधी प्रमाणित झालेले तीन जण त्याची मुलाखत घेतात. वैद्यकी आणि वकिलीत जशी समव्यावसायिकांची पारख असते, तशी ती आमच्या धंद्यात आली.

तिसरे दशक : २०१५ ते २०२५

सॉफ्टवेअर आता दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत लिहिले जाऊ लागले. जाड आराखडा तयार होईपर्यंत धंदाच बदललेला असेल, असा प्रश्न तरुण अभियंते विचारू लागले. प्रश्न रास्त होता आणि फोरमने तो टाळला नाही. एप्रिल २०१८ च्या ९.२ आवृत्तीत जुनी संदर्भ प्रारूपे मुख्य ग्रंथातून काढून ग्रंथालयात ठेवली गेली, व्यवसाय आर्किटेक्चरची बाजू भक्कम झाली. २०२० मध्ये चपळ पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी ‘ओपन अजाइल आर्किटेक्चर’ हे स्वतंत्र मानक आले. त्याच वर्षी महासाथीमुळे प्रत्यक्ष बैठका थांबल्या आणि काम पडद्यावरून सुरू राहिले. कोणाची पहाट, कोणाची मध्यरात्र, अशा वेळा जुळवत.

त्या परिश्रमांतून एप्रिल २०२२ मध्ये टोगॅफची दहावी आवृत्ती आली. एकसंध ग्रंथाचे दोन भाग झाले. कधीतरीच बदलणारा गाभा सहा पुस्तकांत गेला. बदलत्या काळाशी जोडलेले मार्गदर्शन वेगळ्या मालिकेत आले, म्हणजे चपळ पद्धत, सुरक्षा, माहितीचे आर्किटेक्चर असे विषय आपापल्या गतीने सुधारता यावेत. नवव्या आवृत्तीवर वाढलेल्या आम्हा मंडळींना सुरुवातीला ग्रंथ विस्कटल्यासारखा वाटला. वर्षभर वापरल्यावर मत बदलले. हवे ते पुस्तक उचलावे, बाकीचे फळीवर राहू द्यावे. आर्किमेटही पुढे गेली : २०१६ मध्ये धोरण आणि कारखान्यातली प्रत्यक्ष यंत्रे दाखवण्याची सोय, २०१९ मध्ये ३.१ आणि २०२२ मध्ये ३.२.

देण्याची परंपरा ओपन ग्रुपच्या इतर फोरममध्येही चालू राहिली. आयटी विभाग स्वतः कसा चालवावा, याचे शेल, एचपी आणि इतर काही कंपन्यांनी आपसांत बांधलेले प्रारूप त्यांनी ओपन ग्रुपकडे दिले आणि २०१५ मध्ये ‘आयटीफॉरआयटी’ या नावाने ते मानक म्हणून आले. खनिज तेल क्षेत्रात भूगर्भातील माहितीसाठी ओएसडीयू फोरम २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी शेल व श्लंबर्जे यांनी आपापले काम त्याला दिले.

भारताशी फोरमचे नाते या दशकात घट्ट झाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपन्यांमधून आणि पुणे-बंगळूर-हैदराबादच्या कचेऱ्यांतून टोगॅफचे प्रमाणपत्र घेतलेल्यांची संख्या मोठी आहे. आंध्र प्रदेश सरकारने ‘ई-प्रगती’ हा राज्यव्यापी आराखडा एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या आधारे आखला. तिथल्या अनुभवाचा फायदा केंद्रालाही झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘इंडिया’ आणि ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ जोडून ‘इंडइए’ हा राष्ट्रीय आराखडा २०१८ मध्ये पुढे आणला. त्याने टोगॅफचा आधार घेतला आणि आपल्या राज्यकारभाराला साजेशी आठ संदर्भ प्रारूपे मांडली. नागरिकाला खात्याखात्यांच्या खिडक्या न दिसता एकच सरकार दिसावे, ही त्यामागची कल्पना. सात-बारा एका कार्यालयात, जातीचा दाखला दुसऱ्या, शिष्यवृत्ती तिसऱ्या. आणि तीच झेरॉक्स तिन्हीकडे. हे सोसलेल्या कोणालाही या कल्पनेची निकड समजावून सांगावी लागत नाही.

सध्याचे कार्य

फोरमच्या बैठका आता प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशा दोन्ही रीतींनी होतात. गाभ्याची देखभाल, मार्गदर्शक मालिकेत नवी पुस्तके, आर्किमेट आणि टोगॅफ यांच्या संज्ञा एकमेकींशी जुळत्या ठेवणे आणि परीक्षांचा अभ्यासक्रम, अशी कामे चालू आहेत. कोणत्याही संस्थेला आपल्या अंतर्गत वापरासाठी टोगॅफ मोफत वाचता आणि वापरता येतो. त्याच्या आधारे व्यवसाय करायचा असेल, उदाहरणार्थ त्याचे शिक्षण देऊन, तर परवाना लागतो. पुढच्या मसुद्यावर सूचना द्यायच्या असतील, त्या सदस्य संस्थांमधल्या नव्या मंडळींना रीत तीच : अडचण, कारण आणि त्याजागी हवे असलेले नेमके शब्द. पहिली सूचना बहुधा फेटाळली जाते. ती का फेटाळली, हे मात्र लेखी मिळते.